अमेरिकेत मेडिकेड किंवा मेडिकेअर स्वीकारणारा परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर कसा शोधावा

मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा) किंवा मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरील ज्येष्ठांचा सरकारी विमा) असलेल्या माणसाला थेरपिस्ट मिळत नाही, ही तक्रार अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतही आता सर्रास ऐकू येते. परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर हाही मानसोपचार देणारा थेरपिस्टच असतो. थेरपिस्टांची संख्या अपुरी आहे आणि सरकारी विम्याचे दर कमी आहेत, हे खरे आहे. परंतु पुष्कळदा शोधच चुकीच्या टोकापासून सुरू झालेला असतो. आधी एखादे नाव आवडते, मग फोन होतो आणि शेवटी विम्याचा प्रश्न निघतो. हा क्रम उलटा करावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मेडिकेडच्या बहुतेक लाभार्थींसाठी उपचारक उपलब्ध करून देणे ही विमा योजनेची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती जबाबदारी योजनेवर परत कशी टाकायची हे ठाऊक असलेल्या माणसाचा शोध लवकर संपतो.

आधी कार्ड नीट वाचा

‘माझ्याकडे मेडिकेड आहे’ एवढ्या माहितीवर कोणत्याही दवाखान्याला उत्तर देता येत नाही. मेडिकेअर आणि मेडिकेड हे दोन्ही कार्यक्रम १९६५ च्या एकाच कायद्यातून निघाले असले, तरी मेडिकेअर संघराज्य सरकार चालवते आणि मेडिकेड प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने चालवते. म्हणून मेडिकेडचे नावही राज्यागणिक बदलते: कॅलिफोर्नियात मेडि-कॅल, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, वॉशिंग्टन राज्यात अ‍ॅपल हेल्थ. बहुसंख्य लाभार्थींचे मेडिकेड प्रत्यक्षात एखाद्या खासगी व्यवस्थापित योजनेमार्फत चालते. एनजे फॅमिलीकेअर असलेल्या व्यक्तीच्या हाती म्हणूनच होरायझन एनजे हेल्थ, वेलपॉइंट किंवा युनायटेडहेल्थकेअर यांच्यापैकी एखाद्या कंपनीचे कार्ड असू शकते. थेरपिस्टच्या दृष्टीने या प्रत्येक योजनेशी वेगळा करार असतो. एका योजनेच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे करार झालेल्या उपचारकांच्या यादीत, असलेली व्यक्ती दुसऱ्या योजनेत नसणे अगदी सामान्य आहे.

त्यामुळे कार्डावरील योजनेचे पूर्ण नाव, सदस्य क्रमांक आणि मागच्या बाजूचा ‘बिहेवियरल हेल्थ’साठीचा फोन क्रमांक हे तीन तपशील एका कागदावर उतरवून घ्यावेत. मानसिक आरोग्याचा क्रमांक काही योजनांत वेगळा असतो, कारण ते काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवलेले असते. मग योजनेला फोन करून एकच प्रश्न विचारावा: बाह्यरुग्ण मानसोपचाराची सेवा तुम्ही स्वतः देता, की राज्य किंवा काउंटी (जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग) देते? कॅलिफोर्नियात सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या त्रासासाठी मेडि-कॅलची व्यवस्थापित योजना जबाबदार असते आणि गंभीर आजारासाठी काउंटीची मानसिक आरोग्य योजना. न्यू जर्सीत प्रौढांच्या बाह्यरुग्ण सेवा १ जानेवारी २०२५ पासून व्यवस्थापित योजनांकडे आल्या, त्यामुळे त्याआधीचा परिचितांचा अनुभव तिथे आज लागू पडेलच असे नाही. उत्तर मिळाले की पुढचा शोध त्या एकाच दारापाशी करायचा.

मेडिकेअरच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच, पण उत्तरे दोनच. मूळ मेडिकेअर असेल, तर मेडिकेअरमध्ये नोंदणी असलेल्या देशातील कोणत्याही क्लिनिकल सोशल वर्करकडे जाता येते. नेटवर्क हा प्रकारच नसतो. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजना, म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेले मेडिकेअर, असेल, तर त्या कंपनीचे नेटवर्क पाहावे लागते. ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांनी मेडिकेअर घेतले असेल, तर त्यांना यांपैकी नेमके काय मिळाले आहे हे मुलांनाही बहुधा माहीत नसते, म्हणून कार्ड प्रत्यक्ष पाहावे. मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही असतील, तर दोन्ही कार्डे हाताशी ठेवावीत आणि दोन्ही स्वीकारणारा उपचारक शोधावा, कारण तसे झाल्यास रुग्णाच्या खिशातून जाणारी रक्कम बहुधा फारच कमी होते.

परवाना म्हणजे नेमके काय

क्लिनिकल सोशल वर्करने समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी घेतलेली असते, त्यानंतर बहुतेक राज्यांत दोन वर्षांच्या आसपास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केलेले असते आणि स्वतंत्र परीक्षा दिलेली असते. कॅलिफोर्नियात हे देखरेखीखालचे काम ३,००० तासांचे असते. अशा व्यक्तीला मानसिक आजाराचे निदान करता येते आणि मानसोपचार देता येतो. औषधे मात्र लिहून देता येत नाहीत. औषधांची गरज असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर किंवा कुटुंबाचा नेहमीचा डॉक्टर लागतो आणि ही दोन कामे दोन ठिकाणी चालणे नेहमीचेच आहे.

पदनाम राज्याप्रमाणे बदलते, त्यामुळे अक्षरांवरून घोटाळा होतो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर), मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन राज्यात एलआयसीएसडब्ल्यू, ओहायोत एलआयएसडब्ल्यू, मेरीलँडमध्ये एलसीएसडब्ल्यू-सी. न्यूयॉर्कमधील एलएमएसडब्ल्यू किंवा न्यू जर्सीतील एलएसडब्ल्यू हे त्याच्या खालचे परवाने आहेत. अशी व्यक्ती मानसोपचाराचे काम वरिष्ठांच्या देखरेखीखाली करते. सामुदायिक दवाखान्यात तुमच्या वाट्याला बहुधा असाच कोणी तरी येईल आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. फक्त देखरेख कोण करते आणि तुमची योजना या पातळीच्या व्यक्तीचे पैसे देते का, हे विचारून घ्यावे.

परवाना तपासणे दोन मिनिटांचे काम आहे. कॅलिफोर्नियात बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस, न्यू जर्सीत स्टेट बोर्ड ऑफ सोशल वर्क एक्झामिनर्स, टेक्सासमध्ये बिहेवियरल हेल्थ एक्झिक्युटिव्ह कौन्सिल यांच्या संकेतस्थळांवर नाव टाकले की परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे दिसते. ऑनलाइन भेटी घेणार असाल, तर भेटीच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात असाल त्या राज्याचा परवाना थेरपिस्टकडे हवा. ती स्वतः कोठे बसली आहे याने भागत नाही. सुटीत दुसऱ्या राज्यात मुलाकडे महिनाभर राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी ही अट आधीच बोलून घ्यावी.

नावांची यादी कोठून काढावी

पहिली यादी तुमच्या योजनेच्या संकेतस्थळावर मिळते, पण तिच्यावर विसंबून राहू नये. अमेरिकी सेनेटच्या अर्थ समितीच्या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये सहा राज्यांतील मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजच्या बारा योजनांच्या याद्यांतून १२० फोन केले. त्यांतील केवळ १८ टक्के वेळा भेट ठरू शकली. बाकीचे क्रमांक बंद होते, लोक नोकरी सोडून गेले होते, नवे रुग्ण घेत नव्हते किंवा फोनच उचलला जात नव्हता. अशा याद्यांना तिकडे ‘घोस्ट नेटवर्क’ म्हणतात. चार-पाच ठिकाणी नकार आला म्हणून खचून जाऊ नये आणि यादी सुरुवातीलाच लांब ठेवावी, एवढाच याचा अर्थ.

माझ्या मते, मेडिकेड असलेल्या व्यक्तीने स्वतंत्र खासगी व्यवसाय करणाऱ्यांच्या मागे लागण्याआधी संस्थांकडे वळावे. संघराज्याचे अनुदान मिळणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे मेडिकेड स्वीकारतात, त्यांतील अनेकांत क्लिनिकल सोशल वर्कर नोकरीला असतात आणि विमा नसेल तर उत्पन्नानुसार शुल्क कमी होते. ही सवलत दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंतच्या उत्पन्नाला लागू असते. एचआरएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पिन कोडप्रमाणे, म्हणजे तिकडच्या झिप कोडने, जवळचे केंद्र सापडते. दुसरा प्रकार सीसीबीएचसी नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणित वर्तन-आरोग्य दवाखान्यांचा आहे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून या दवाखान्यांना कोणाला परत पाठवता येत नाही आणि नेहमीच्या गरजेसाठी नव्या रुग्णाची पहिली तपासणी दहा कामकाजाच्या दिवसांत करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. समाजकार्याच्या विद्यापीठीय विभागांशी जोडलेले प्रशिक्षण दवाखानेही विचारून पाहावेत.

सॅम्सा या संघराज्य संस्थेचे फाइंडट्रीटमेंट डॉट गव्ह हे संकेतस्थळ दवाखाने शोधताना ‘मेडिकेड स्वीकारतात’ अशी चाळणी लावू देते. १-८००-६६२-४३५७ या तिच्या मोफत क्रमांकावर चोवीस तास माणूस भेटतो. स्थानिक सेवांसाठी २११ फिरवावा. न्यू जर्सीत मुलाबाळांसाठी वाट वेगळी आहे: तिथे मुलांची सरकारी व्यवस्था परफॉर्मकेअरमार्फत चालते, म्हणून मुलासाठी शोधत असाल तर पहिला फोन तिकडे. मेडिकेडवरील २१ वर्षांखालील मुलांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेले मानसोपचार देणे राज्यांवर कायद्याने बंधनकारक आहे, हे शाळेच्या समुपदेशकालाही कधी कधी आठवण करून द्यावे लागते.

खासगी व्यावसायिकांसाठी सायकॉलॉजी टुडेची यादी उपयोगी पडते, कारण तीत विमा आणि भाषा दोन्हींनुसार निवड करता येते. न्यू जर्सीतील सॅमहिन ही दक्षिण आशियाई मानसिक आरोग्याची संस्था आणि साउथ एशियन थेरपिस्ट्स ही यादी मराठी कुटुंबांनी पाहावी. तिथली सर्व नावे सरकारी विमा घेतात असे नाही. पण एखादी व्यक्ती स्वतः घेत नसेल तर घेणारी ओळखीची नावे सुचवते आणि अशी शिफारस कोणत्याही संकेतस्थळापेक्षा कामाची असते.

मूळ मेडिकेअरवाल्यांनी मेडिकेअर डॉट गव्ह वरील शोधयंत्रात क्लिनिकल सोशल वर्कर हा प्रकार निवडावा किंवा १-८००-६३३-४२२७ वर विचारावे. पूर्ण मोफत आणि निःपक्ष सल्ला हवा असेल, तर प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची समुपदेशन सेवा आहे. जानेवारी २०२४ पासून विवाह व कुटुंब थेरपिस्ट आणि मानसिक आरोग्य समुपदेशक हेही मेडिकेअरचे बिल लावू शकतात. केवळ सोशल वर्करच हवा असा आग्रह नसेल, तर ही दारे उघडी आहेत.

फोनवर काय विचारावे

स्वतंत्र व्यवसाय करणारी व्यक्ती बहुधा भेटीत असते, म्हणून निरोप ठेवावा लागतो. निरोपात नाव, फोन क्रमांक, योजनेचे पूर्ण नाव आणि बोलता येण्याच्या वेळा एवढेच सांगावे. त्रासाची कहाणी यंत्रावर सांगू नये आणि सदस्य क्रमांक साध्या ईमेलने पाठवू नये. एका बैठकीत आठ-दहा ठिकाणी निरोप ठेवावेत आणि तारखांसह नोंद ठेवावी. ही नोंद पुढे पुराव्याच्या कामी येते, म्हणून तिचा कंटाळा करू नये.

माणूस भेटल्यावर पहिला प्रश्न ‘तुम्ही मेडिकेड घेता का’ असा न विचारता ‘तुम्ही सध्या अमुक योजनेच्या नेटवर्कमध्ये आहात का आणि त्या योजनेचे नवे रुग्ण घेता का’ असा विचारावा. या प्रश्नाचे दोन्ही भाग आवश्यक आहेत. बरेच जण नेटवर्कमध्ये असतात, पण कमी दराच्या योजनांच्या जागा त्यांनी मर्यादित ठेवलेल्या असतात. पुढे विचारायचे ते असे: पहिली भेट किती दिवसांत मिळेल, भेट प्रत्यक्ष की ऑनलाइन, डॉक्टरांचे रेफरल किंवा योजनेची पूर्वमंजुरी लागते का, ज्येष्ठांच्या, किशोरवयीनांच्या किंवा दुःखाच्या प्रसंगातून जाणाऱ्यांच्या कामाचा अनुभव आहे का, आणि भेट रद्द केल्यास शुल्क लागते का. शेवटी उपचारकाचा दहा अंकी राष्ट्रीय ओळख क्रमांक, म्हणजे एनपीआय, आणि भेट कोणत्या पत्त्यावर होणार आहे ते विचारून घ्यावे.

तो क्रमांक आणि पत्ता घेऊन योजनेला पुन्हा फोन करायचा. एकच थेरपिस्ट एका दवाखान्यात नेटवर्कमध्ये आणि दुसऱ्या पत्त्यावर नेटवर्कबाहेर असू शकते, कारण करार अनेकदा दवाखान्याच्या नावावर असतो. योजनेकडून होकार मिळाला की बोलणाऱ्याचे नाव, वेळ आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. एनपीआयच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव असणे म्हणजे विमा स्वीकारणे नव्हे. ती नोंद फक्त व्यक्ती आणि तिचा व्यवसाय ओळखण्यापुरती असते.

पैशांबद्दल थोडक्यात. मेडिकेडमध्ये कोपे (दर भेटीला रुग्णाने भरायची रक्कम) नसतो किंवा नाममात्र असतो आणि नोंदणीकृत उपचारकाला मंजूर सेवेसाठी त्यावर जादा रक्कम तुमच्याकडून घेता येत नाही. मूळ मेडिकेअरच्या भाग ‘बी’मध्ये वार्षिक डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) भरून झाल्यावर, जे २०२५ मध्ये २५७ डॉलर होते, मंजूर रकमेच्या २० टक्के रुग्णाकडे येतात, पूरक मेडिगॅप विमा असल्यास तेही बहुधा तो भरतो. क्लिनिकल सोशल वर्करना मेडिकेअरची मंजूर रक्कम पूर्ण मोबदला म्हणून मानावीच लागते. ती रक्कम मानसशास्त्रज्ञाला मिळणाऱ्या दराच्या ७५ टक्के असते आणि अनेकांनी मेडिकेअरमधून अधिकृतपणे बाहेर पडण्यामागे हा फरकही आहे. असे बाहेर पडलेले कोणी खासगी करारावर सही मागत असेल, तर मेडिकेअर त्या भेटींचा एक पैसाही देणार नाही, हे समजूनच सही करावी.

मराठी बोलणारे कोणी नसेल तर

मराठीत मानसोपचार देणारा आणि मेडिकेड स्वीकारणारा क्लिनिकल सोशल वर्कर जवळपास सापडणे कठीण आहे. हिंदी चालत असेल तर शोध बराच सोपा होतो. नाहीच जमले तर दुभाष्या मागावा. मेडिकेडच्या व्यवस्थापित योजनांना तोंडी दुभाष्याची सेवा सर्व भाषांत मोफत द्यावी लागते आणि त्यात मराठी आली. भेट ठरवतानाच ‘मराठी दुभाष्या हवा’ असे सांगून ती नोंद करून घ्यावी, कारण ऐन वेळी फोनवरचा मराठी दुभाष्या मिळेलच याची खात्री नसते.

या कामाला मुलगा, सून किंवा नातवंडे वापरू नयेत. लहान मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास तातडीच्या प्रसंगाखेरीज नियमांनीच मनाई आहे. पण मोठ्या मुलांबाबतही माझे मत तेच आहे. सून बोलत नाही याचे दुःख मुलाच्या तोंडून थेरपिस्टला सांगायला कोणतीही सासू तयार होणार नाही आणि घरात मार बसतो हे नवऱ्याच्या भावासमोर कोणतीही बाई सांगणार नाही.

कोणीच मिळाले नाही तर

इथे बहुतेक लोक थांबतात किंवा दर भेटीला दीड-दोनशे डॉलर स्वतः भरू लागतात. त्याआधी योजनेला पुढचा फोन करावा आणि सांगावे: तुमच्या यादीतील या इतक्या लोकांना मी या तारखांना फोन केले, त्यांची उत्तरे अशी आली, आता भेट तुम्ही मिळवून द्या. ‘केअर मॅनेजर’ किंवा ‘केअर कोऑर्डिनेटर’ यांच्याकडे प्रकरण सोपवा, असे स्पष्ट शब्दांत मागावे. मेडिकेडच्या व्यवस्थापित योजनेचे नेटवर्क आवश्यक सेवा देऊ शकत नसेल, तर तिला ती सेवा नेटवर्कबाहेरच्या उपचारकाकडून मिळवून द्यावी लागते आणि रुग्णाचा खर्च नेटवर्कमध्ये झाला असता त्याहून वाढू देता येत नाही. हा संघराज्याचा नियम आहे. प्रत्यक्षात ही व्यवस्था ‘सिंगल केस अ‍ॅग्रीमेंट’ या नावाने, एका रुग्णापुरता करार करून होते. तुमच्या पाहण्यात नेटवर्कबाहेरची पण तयार असलेली एखादी थेरपिस्ट असेल, तर तिचे नाव आणि एनपीआय योजनेला तुम्हीच सुचवावे. काम पुष्कळ लवकर होते.

भेटीसाठी किती थांबावे याच्याही मर्यादा आहेत. कॅलिफोर्नियात तातडीच्या नसलेल्या मानसोपचाराची भेट दहा कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी आणि पुढच्या भेटींनाही, थेरपिस्टने जास्त अंतर चालेल असे नोंदवले नसेल तर, हीच मुदत लागू आहे. नेमकी ही मर्यादा सांगून बोलणाऱ्या माणसाला मिळणारे उत्तर वेगळे असते.

योजनेने मागणी नाकारली, तर लेखी नकार मागावा. फोनवरच्या नकारावर अपील करणे अवघड असते. लेखी सूचनेच्या तारखेपासून ६० दिवसांत योजनेकडे अपील करता येते, त्यावर योजनेने साधारणपणे ३० दिवसांत आणि प्रकृतीला धोका असेल तर ७२ तासांत निर्णय द्यायचा असतो. तोही विरोधात गेला, तर १२० दिवसांत राज्याकडे ‘फेअर हिअरिंग’, म्हणजे स्वतंत्र सुनावणी, मागता येते. चालू असलेला उपचार बंद किंवा कमी केला जात असेल, तर सूचनेनंतर दहा दिवसांच्या आत अपील करून, मंजूर मुदत संपलेली नसेल तर, निकालापर्यंत उपचार चालू ठेवण्याची विनंती करता येते. हे दहा दिवस फार महत्त्वाचे आहेत आणि बहुतेकांचे तेच हुकतात. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या लीगल एड संस्था अशी प्रकरणे घेतात.

या सगळ्यात वेळ जातो, आणि मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर तो वेळ हाताशी नसतो. अशा वेळी विमा, नेटवर्क, परवाना सर्व बाजूला ठेवून ९८८ या संकटकालीन मदत क्रमांकावर फोन करावा. ही सेवा जुलै २०२२ पासून देशभर चालू आहे, ती मोफत आहे आणि फोनवर दुभाष्या मागता येतो.

विमाच नसेल तर

अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मेडिकेड किंवा मेडिकेअर मिळत नाही आणि बहुतेक प्रवासी विम्यांत मानसोपचार नसतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील किंवा विद्यार्थी व्हिसावरील प्रौढांनाही सामान्यतः पूर्ण मेडिकेड नसते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर संघराज्याच्या मेडिकेडसाठी बहुतेक प्रौढांना पाच वर्षे थांबावे लागते, मात्र अनेक राज्ये मुलांना आणि गर्भवतींना ही अट लावत नाहीत. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाची पात्रता मुलाच्या नागरिकत्वावर आणि कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, आईवडिलांच्या व्हिसावर नाही. व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या अर्जावर याचा परिणाम होईल का, अशी धास्ती असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारावे, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला नव्हे. तोपर्यंत उत्पन्नानुसार शुल्क घेणाऱ्या वर सांगितलेल्या केंद्रांकडे चौकशी करावी.

भेट ठरल्यानंतर

पहिली भेट बहुधा इनटेकची असते: प्रश्नावली, इतिहास, संमतीपत्रे. विम्याचे बिल लावण्यासाठी थेरपिस्टला निदान नोंदवावे लागते. ते कोणते आहे हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तीन-चार भेटींनंतर जुळत नाही असे वाटले, तर तसे सांगून त्याच दवाखान्यात दुसरी व्यक्ती मागावी. दवाखान्याची इनटेक प्रक्रिया बहुधा पुन्हा करावी लागत नाही.

दर महिन्याच्या सुरुवातीला मेडिकेड चालू आहे ना, हे राज्याच्या पोर्टलवर पाहून घ्यावे. पत्ता बदलला की लगेच कळवावे, कारण नूतनीकरणाचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले की पात्र असूनही लोकांचा विमा बंद होतो. ४ जुलै २०२५ च्या कायद्यानुसार, विस्तारित मेडिकेडमधील (राज्यांनी उत्पन्नाची मर्यादा वाढवून सामावून घेतलेल्या) प्रौढांची पात्रता २०२६ च्या अखेरीपासून वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासली जाणार आहे. योजना बदलण्याची संधी आली आणि दुसरी योजना अधिक आकर्षक दिसली, तर बदलण्याआधी तुमची थेरपिस्ट त्या नव्या योजनेच्या नेटवर्कमध्ये, त्याच पत्त्यावर आहे का, हे एनपीआय क्रमांक देऊन विचारून घ्यावे.